पोटात झिलई

आमच्या आत्याला बसता येत नाही. गुडघे, कंबर, पाठ सगळं ठणठणीत आहे, तरी बसता येत नाही. जेवताना ती तीनदा उठते. एकदा मीठ आणायला, एकदा मीठ परत ठेवायला आणि एकदा आपण मघाशी कशाला उठलो होतो ते आठवायला. तिच्याशी बोलायचं तर तिच्या मागे मागे चालत बोलावं लागतं. लग्न होऊन गेली आणि तीन वर्षांनी परत आली, तेव्हा आजोबांनी कारण विचारलं. "तिथं करण्यासारखं काही नव्हतं," एवढंच म्हणाली आणि बाह्या सरसावून अंगण झाडायला लागली. नवऱ्याचं नावसुद्धा निघालं नाही. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, तोंडावर म्हणतात. तिला राग येत नाही, कारण पूर्ण ऐकायला ती थांबलेलीच नसते.

मी तिची भाची, तिच्या धाकट्या भावाची मुलगी. घराच्या मागेच आमची शेड आहे. बाबा कप, वाडगे, बरण्या करतात. मी त्यांना झिलई देते, म्हणजे भट्टीत जाण्याआधी काचेचा जो पातळ थर चढवायचा असतो, तो चढवते. आणि आत्या ज्या वस्तू करते त्या आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाहिलेल्या नाहीत.

भट्टीत कप काही हवेत तरंगत नाहीत. त्यांना उभं राहायला मातीच्या फळ्या लागतात, फळ्यांना टेकू लागतात, टेकूंखाली लहान चकत्या लागतात. भट्टीच्या आत मातीचं एक कपाटच उभं करायचं असतं म्हणा ना, आणि ते अशा आगीत की लोखंड मऊ पडावं. कप एकदाच भाजला जातो आणि मग कुणाच्या तरी घरी जाऊन आरामात चहा पितो. फळी पन्नास वेळा तीच आग सोसते, वर कपांचं ओझं घेऊन. लोक कप हातात घेतात, उलटा करून बघतात, वा वा करतात. हा कशावर उभा होता, असं कुणीही विचारत नाही. मला याचा पूर्वी संताप यायचा. आत्याला कधीच आला नाही. तिला फक्त हातात काम हवं असायचं.

आणि हे काम जणू तिच्यासाठीच जन्माला आलं होतं. शेडच्या मागच्या उतारावर पांढुरकी, साबणासारखी बुळबुळीत माती निघते. ती आत्या स्वतः खणून आणते, भिजवते, गाळते. नुसत्या मातीची फळी केली तर वाळताना तडकते आणि आगीत वाकते. म्हणून तिच्यात भाजक्या मातीचा भुगा घालायचा. जुन्या फुटक्या फळ्या आणि कोरी, म्हणजे झिलई नसलेली, खापरं कुटून हा भुगा करतात. दोन घमेली माती, तीन घमेली भुगा. मग लोखंडी चौकटीत भरून धुम्मसाने ठोकायचं, दणादणा, शेजारचे खिडक्या लावून घेईपर्यंत. त्यानंतर फळी सावलीत वाळत ठेवायची आणि दर दोन तासांनी उलटायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात. शहाणी माणसं दिवसातून दोनदा उलटतात. आत्या दोन तासांनी म्हणजे दोन तासांनी. तिच्या फळ्या आरशासारख्या सपाट व्हायच्या, त्या या चुळबुळीमुळेच.

गेल्या वर्षी बाबांनी नवी भट्टी घेतली. गॅसवर चालणारी, दोन माणसं आत उभी राहतील एवढी, आणि जुनीपेक्षा कितीतरी जास्त तापणारी. भट्टी विकणाऱ्याने सांगितलं, "हिला कारखान्याच्या फळ्या लागतील. घरच्या मातीच्या हिच्यापुढे टिकायच्या नाहीत." आत्या तिथेच होती, अर्थात उभी. तिच्या चेहऱ्याकडे बघून बाबा घाईघाईने म्हणाले, "बघू. ताई, तू नव्या कर. पहिल्या भट्टीत लावू. टिकल्या तर विकतच्या कशाला घ्यायच्या?"

मग काय विचारता! तीन महिने आमच्या घरात शांतता म्हणून नव्हती. तिने उताराच्या चार वेगवेगळ्या जागांहून माती आणली. प्रत्येकीच्या बोटाएवढ्या कांड्या करून जुन्या भट्टीत आडव्या टाकल्या आणि कुठली वाकते, कुठली नाही ते पाहिलं. सगळ्यात खालच्या थराची माती सरळ राहिली. मग तेवढीच खणायची, आणि ती खणायला कमरेइतक्या खड्ड्यात उतरायचं. आई म्हणाली, "अहो ताई, वय काय तुमचं!" आत्या खड्ड्यातून म्हणाली, "वय वर ठेवून आलेय."

एकदा मात्र फावडं टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली. "टिकल्या नाहीत तर मी दिवसभर काय करायचं गं?" तिने विचारलं. तिने मला असं काही कधीच विचारलं नव्हतं. "टिकतील," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ती मान हलवून परत खणायला लागली. पण तिला काम नसेल तर ती म्हातारी होईल, आणि लवकर होईल, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

म्हणूनच मी मदत करायला गेले. माझी मदत म्हणजे काय, ते आता ऐका.

अंगणात खापरांचे दोन ढीग असतात. भिंतीकडे कोऱ्या खापरांचा आणि फाटकाकडे झिलईच्या खापरांचा. कोरं कुटायचं, झिलईचं फेकायचं. माझ्या लहानपणी मला चालायला शिकवण्याआधी हे शिकवलं असावं. कारण झिलई म्हणजे काच. भुग्यात काच गेली तर ती फळीच्या पोटात बसून राहते, आणि भट्टी तापली की वितळते. फळी आतून मऊ पडते आणि वरच्या ओझ्यासकट खाली बसते.

आत्या माती आणायला गेली होती. मनगट दुखतंय म्हणून तिने सकाळी चिंधी बांधलेली मी पाहिली होती. कुटायच्या जागी दोनच घमेली भुगा शिल्लक होता. म्हटलं, आपण कुटून ठेवू, तेवढीच म्हातारीला विश्रांती. भिंतीजवळ टवके उडालेल्या कपांची एक चळत पालथी घातलेली होती. बाहेरून कोरी, खरखरीत, एकदम कोरी. मी ती सगळी कुटायच्या टाकीत घातली आणि धुम्मस हाणलं. दोन घमेली भुगा केला. आत्या आली, भुगा बघून म्हणाली, "अरे वा! आज कुणीकडे सूर्य उगवला?" आणि लगेच माती मळायला घेतली.

ते कप बाबांचेच होते. बाहेरून कोरे आणि आतून निळे, अशा एका जुन्या ऑर्डरचे. त्यांच्या पोटात झिलई मीच चढवली होती. स्वतःच्या हाताने. ते तिथे कुणी ठेवले आणि का पालथे घातले, ते मला अजूनही ठाऊक नाही. पण पालथा कप सुलटा करून बघायला कितीसा वेळ लागतो?

मला हे कळलं ते नव्या भट्टीच्या पहिल्या दिवशी. अकरा फळ्या आत गेल्या होत्या. आत्याने आदल्या दिवशी एकटीने भट्टी लावली होती, खाली दोन थर, वर दोन, मधे टेकू. प्रत्येक टेकू हलवून बघितला होता. सकाळी बाबांनी आणि आमच्याकडे भट्टी पेटवायला येणाऱ्या काकांनी दाराच्या विटा रचल्या, फटी मातीने लिंपल्या आणि गॅस पेटवला. पहिले दोन तास अगदी मंद आच ठेवतात. आत्या भट्टीभोवती घिरट्या घालत होती. मी माझ्या टेबलाशी आले आणि ब्रश ठेवायला एक जुना कप ओढला. पालथाच होता तो. बाहेरून कोरा, कडेचा टवका उडालेला. सुलटा केला तर आत निळा.

भिंतीजवळच्या चळतीतले कपही असेच होते.

पुढची वीस मिनिटं मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी ब्रश धुतले. धुतलेले ब्रश परत धुतले. मनात हिशेब मांडला की निळा थर किती पातळ असतो, दोन घमेल्यांत तो कितीसा असणार, कदाचित काही होणारही नाही. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? फळ्या बसल्या तर सगळे म्हणतील, भट्टी विकणाऱ्याने सांगितलंच होतं, घरची माती. दोष आत्याच्या मातीवर जाईल. ती चार जागा खणून, कांड्या भाजून, कमरेइतक्या खड्ड्यात उभी राहून आणलेल्या मातीवर. खिडकीतून ती मला दिसत होती. आचेच्या भोकातून आत डोकावत होती, पाळण्यात बघावं तशी. मला ते बघवेना. मी कप घेऊन धावत गेले.

"आत्या," मी म्हणाले आणि कप सुलटा करून तिच्यापुढे धरला. "भिंतीजवळची चळत. मी कुटली. तुझ्या भुग्यात आहे."

ती थांबली. खरोखर थांबली. कपात बघितलं, मग माझ्याकडे.

"किती?"

"दोन घमेली."

"मी खालच्या खड्ड्यात गेले होते तेव्हा?"

"हो."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली, अगदी सरळ आवाजात, आणि वळली. "काका, गॅस बंद करा. विटा काढायच्या."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा गॅसच्या टाकीजवळ होते, ते तावातावाने आले. "काय झालं? कोण विटा काढतंय?" आत्याने सांगितलं. तो भुगा चौथ्या घाण्यात गेला; त्या घाण्याच्या चार फळ्या आहेत, खुणेला कडेला नखाने चार रेघा ओढलेल्या. तीन वरच्या थरात, एक तळाला. त्या बाहेर काढल्याशिवाय भट्टी पेटणार नाही.

"अगं ताई, काहीतरीच काय! अख्खी भट्टी उतरवायची? चिमूटभर झिलईने काय होतंय?"

"बसतील. जुन्या भट्टीची झिलई आहे ती. या आचेला पाणी होईल."

"बसल्या तर बसल्या! फार तर शंभर कप जातील. दिवस फुकट घालवण्यापेक्षा बरं. आणि चार दिवसांत नव्या फळ्या येतायतच की..."

बाबांनी जीभ चावली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

काका एकदम वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. आत्याने विचारलं, "कुठल्या नव्या फळ्या?"

"कारखान्याच्या," बाबा म्हणाले.

"कधी मागवल्यास?"

बाबा हाताला लागलेली माती पुसायला लागले.

"कधी मागवल्यास, विचारतेय मी."

"भट्टीबरोबरच."

म्हणजे तीन महिन्यांपूर्वी. पहिलं फावडं मारण्याआधी. मला वाटलं आत्या ओरडेल, निदान रडेल. तिने फक्त विचारलं, "मग मला कशाला करायला लावल्यास?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तू स्वस्थ राहावीस म्हणून. काम नसलं की तू घर डोक्यावर घेतेस, ताई. मला तुझं मन मोडायचं नव्हतं. म्हटलं, तेवढाच तुझा वेळ जाईल."

माझ्या बाबांवर माझं प्रेम आहे. ते वाईट नाहीत. त्यांनी हे चांगल्या मनाने केलं होतं, आणि त्यामुळेच मला त्यांचा असा राग आला की तो निळा कप त्यांच्या पायाशी आपटावासा वाटला. रडणाऱ्या मुलाला कणकेचा गोळा देऊन गप्प बसवतात तसं त्यांनी आत्याला मातीचा डोंगर दिला होता. तीन महिने. मनगटाला चिंधी बांधेपर्यंत. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? तेवढीच म्हातारीला विश्रांती, असं म्हणूनच मी कुटायला बसले होते. न बघता कुटलं, कारण मीही ते काम खरं धरलं नव्हतं. खऱ्या कामात मी कप उलटून बघितला असता.

आत्या म्हणाली, "बरं." मग काकांकडे वळली. "विटा काढा."

"अगं, आता कशाला?" बाबा जवळजवळ विनवत होते. "आता तर त्यांची गरजही नाही!"

"त्या फळ्या वाईट आहेत म्हणून," आत्या म्हणाली. "भट्टीत वाईट फळी ठेवत नाहीत. बाबांनी शिकवलंय, तुलाही आणि मलाही."

आजोबांचं नाव निघालं तसे बाबाही विटा काढायला लागले. आम्ही चौघांनी ती कोमट भट्टी उतरवली. एकेक कप बाहेर, एकेक टेकू बाहेर. आत्याने चार रेघांच्या चारही फळ्या शोधून काढल्या, फाटकाकडच्या ढिगाजवळ नेल्या आणि हातोड्याने फोडल्या. मला हाक मारली. फुटलेल्या कडेत, राखाडी मातीत, मोहरीएवढे निळे ठिपके चमकत होते. "बघितलंस?" म्हणाली. मी मान हलवली.  ती हात झटकत परत गेली आणि उरलेल्या सात फळ्यांवर भट्टी नव्याने लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली, पुढचे दोन दिवस निवली. या दिवसांत आत्या नेहमीसारखीच फिरत होती, पण बाबा खोलीत आले की ती दुसऱ्या दाराने जायची. बाबा बिचारे तिच्यासाठी चहा करून ठेवायचे. तो गार व्हायचा.

भट्टी उघडली त्याच सकाळी कारखान्याच्या फळ्याही आल्या. काळ्याभोर, पातळ, कडा सुरीने कापल्यासारख्या. आत्याने एक उचलली, बोटाच्या पेराने वाजवली, डोळ्यांसमोर आडवी धरून बघितली. "चांगल्या आहेत," म्हणाली. "माझ्यापेक्षा हलक्या." आणि खाली ठेवली. तिच्या सातही फळ्या उभ्या राहिल्या होत्या. एकही तडकली नव्हती. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, खरंच टिकल्या गं."  टिकल्या काय, न टिकल्या काय, तो प्रश्न कुणाला पडलाच नव्हता हे आता तिला माहीत होतं. तिने त्या सात फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि पहिल्यांदाच, जराशा वेळापुरतं, तिला पुढे काय करायचं ते सुचेना. दोन्ही हात नुसते लोंबत होते. 

माझ्याकडे तेव्हा एका दवाखान्याच्या भिंतीसाठी दोनशे फरश्यांचं काम होतं. फरशी म्हणजे मोठी नाठाळ वस्तू. फळी किंचित वाकडी असली की फरशीही तशीच वाकते आणि मग भिंतीवर बसत नाही. मी म्हणाले, "आत्या, माझ्या फरश्या मी तुझ्या फळ्यांवर भाजणार."

तिने झटकन माझ्याकडे बघितलं. "का? दया आली?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आली होती.

"तुझा बाप एक, तू दुसरी," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मला राग आला, स्वतःचाच. मी टेबलावरून पोलादी पट्टी आणली, एक साधा कागद घेतला आणि पहिली फळी आडवी केली. पट्टी फळीवर उभ्या कडेने ठेवली आणि तिच्याखालून कागद सरकवायला बघितला. कुठेच शिरेना. फळी सपाट होती. दुसरी, तीच गोष्ट. तिसरी. आत्या शेडच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती आणि माझ्या डोक्यावर उभी राहून बघत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

चौथ्या फळीला मधोमध कागद सुळकन आत गेला.

मी दुसऱ्या अंगाने बघितलं. कोपऱ्यातून कोपऱ्यात बघितलं. जात होता. अगदी थोडासा, पण जात होता. मला वाटलं, पट्टी उचलावी आणि पुढच्या फळीकडे वळावं. सकाळपासून एवढं झालंय, आणखी हे कशाला? मग मला तो पालथा कप आठवला.

"ही नको," मी म्हणाले.

"काय झालं तिला?"

"मधे बसलीये."

"किती?"

"केसभर."

"केसभर चालतं," आत्या म्हणाली, आवाज चढवून. "तुझ्या बापाने दोरीएवढा बाक असलेल्या फळ्या वापरल्यात जन्मभर."

"कपाला चालतं. फरशीला नाही चालत. माझी भिंत आहे, आत्या. मी नाही घेणार ही."

माझा आवाजही चढला होता. बाबा दारात येऊन उभे राहिले. आत्याने माझ्या हातातून पट्टी हिसकावली, कागद घेतला, फळीपाशी उकिडवी बसली आणि स्वतः करून बघितलं. एकदा. दोनदा. कागद गेला.  मग तिने वर बघितलं आणि तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तिने उठून ती फळी उचलली, दारातल्या भावाला खांद्याने बाजूला सारलं आणि कुटायच्या जागी नेऊन धाडकन टाकली. परत आली ती बाह्या वर करतच.

"पुढची बघ," म्हणाली.